सिग्नल दिसला नाही तर

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांसाठी आम्ही वाचकांना आवाहन केलं होतं, की विमान चालवणाऱ्यांबद्दल मनात जे असेल ते विचारा. आलेल्या पत्रांतल्या सहांना उत्तरं दिली आहेत मूळच्या मिरजेच्या आणि आता एअरबस ए-३२० वर कॅप्टन असलेल्या एका वैमानिकेनं.

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. दरवर्षी दोन-तीन मुलं 'पायलट व्हायचंय' म्हणतात. का, असं विचारलं तर पगार, गणवेश, फिरायला मिळतं, अशी उत्तरं येतात. तुम्हाला यात कशानं ओढलं, आणि आज इतक्या वर्षांनी कशानं धरून ठेवलंय?
– एक शिक्षक, विटा

सर, त्या मुलांना खोडून काढू नका. पगार, गणवेश ही कारणं खरी आहेत, पण ती पहिली दोन-तीन वर्षंच पुरतात. पहाटे तीनला न्यायला आलेली गाडी खाली उभी असते, तेव्हा खांद्यावरच्या पट्ट्या आठवून अंथरूण सोडवत नाही.

माझे बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. आता त्या हुद्द्यालाही लोको पायलट म्हणतात, तेव्हा ड्रायव्हरच म्हणायचे. मिरज-पुणे मार्गावर डिझेल इंजिनं चालवायचे. रात्री-अपरात्री कॉलबॉय सायकलवरून यायचा, कडी वाजवायचा, वहीत बाबांची सही घ्यायचा. आई उठून डबा करायला लागायची. बाबा लोखंडी लाइनबॉक्स उघडून झेंडे, बत्ती, नियमांचं पुस्तक जागेवर आहे ना ते बघायचे. मी गोधडीतून बघत असायची. गाडीतली शेकडो माणसं झोपलेली असताना आपले बाबा जागे असतात, एवढं मला त्या वयातही कळत होतं. परत आल्यावर जेवताना ते आईला सांगायचे, आज शिंदवणे घाटात पाऊस होता, ब्रेक कसा हलक्या हातानं लावत आणला. सांगताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. मला तो चेहरा हवा होता, असं आज म्हणेन.

विमान जवळून पाहिलं ते आठवीत, कोल्हापूरच्या उजळाईवाडीला. एक छोटं विमान उतरत होतं. अगदी शेवटी वाऱ्यानं त्याचा एक पंख खाली गेला आणि लगेच सावरला. आत कुणीतरी आहे, आणि त्यानं आत्ता हे केलं, हे मला तारेच्या कुंपणाबाहेरून दिसलं. घरी येईपर्यंत मी गप्प होते.

आणि धरून ठेवलंय कशानं, ते मला २०२० साली नीट कळलं. २५ मार्चला देशांतर्गत विमानं थांबली, ती २५ मेला सुरू झाली. पहिले दहा दिवस मी नुसती झोपले. मग एका दुपारी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले आणि इंजिन सुरू करण्याआधीची सगळी कामं हातानं हवेत करायला लागले. डोक्यावरच्या पॅनेलवरची बटणं डावीकडून उजवीकडे, वरून खाली, क्रमानं. मुलगी विचारायची, आई, काय शोधतेस? रोज करायला लागले. उंचावरून दिसणारा सूर्योदय मला आठवत नव्हता. आठवत होतं ते शेजारच्यानं एक वाचायचं, दुसऱ्यानं तपासून उत्तर द्यायचं, आणि दोघांनी मिळून एक अवघड गोष्ट नीट पार पाडायची. बाबा आणि त्यांचे असिस्टंटही प्रत्येक सिग्नल मोठ्यानं एकमेकांना सांगायचे. तीच पद्धत.

पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिलं उड्डाण माझा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, करत होता. चाकं जमिनीवरून सुटल्यावर 'पॉझिटिव्ह क्लाइंब' हे दोन शब्द मी म्हणायचे होते. म्हणाले, पण आवाज इतका घोगरा निघाला की त्यानं माझ्याकडे बघितलं. मुलांना एवढं सांगा सर, की जी गोष्ट दोन महिने हातातून गेल्यावर हात आपोआप हवेत चालायला लागतात, ती शोधा. ती विमानातच असेल असं नाही.

आता सगळं ऑटोपायलटच करतो ना? मग कंटाळा येत नाही का? आणि कामाचं समाधान नेमकं कशात वाटतं?
– निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

ऑटोपायलट आपण सांगू तेवढंच करतो. अमुक उंची, अमुक दिशा, अमुक वेग. काय सांगायचं ते आपणच ठरवायचं असतं. आमचं विमान उड्डाण हातानंच घेतं, उतरतंही बहुतेक वेळा हातानंच. आपोआप उतरण्याची सोय आहे, पण ती मुख्यतः दाट धुक्यासाठी. आडवा वारा जोराचा असेल तर ऑटोपायलटला उतरायची परवानगी नसते, माणसाला असते. पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर काही तास शांत जातात हे खरं. त्या वेळात आम्ही पुढच्या विमानतळाचं हवामान मागवतो, इंधन मोजतो, आत्ता एक इंजिन गेलं तर कुठे वळायचं ते बोलून ठेवतो. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा असते, आणि तिथे ते इंजिन खरोखर बंद पाडतात, तेही धावपट्टीवर थांबायची वेळ निघून गेल्यावर, विमान उचलायच्या क्षणी.

समाधानाबद्दल विचारलंत म्हणून एक रात्र सांगते. जुलै महिना, कोचीहून मुंबई, दिवसातलं शेवटचं उड्डाण. मुंबईचं हवामान बघून कोचीलाच दीड टन इंधन जास्त घेतलं होतं. किती घ्यायचं याचा शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो, आणि जास्त घेतलं की वजन वाढून खर्चही वाढतो, त्यामुळे उगाच घेत नाहीत. मुंबईला पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूनं खाली येत होतो. काचेवर पाऊस असा, की वायपर पूर्ण वेगात असूनही काही दिसेना. तिथे दोनशे फुटांवर निर्णय घ्यावा लागतो. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही तर वर जायचं. विमानाचाच आवाज येतो, 'मिनिमम'. समोर नुसता करडा उजेड. मी म्हटलं, 'गो-अराउंड, फ्लॅप्स', आणि नाक वर घेतलं.

वर गेल्यावर हिशोब केला. अजून एक प्रयत्न करून अहमदाबाद गाठण्याइतकं इंधन होतं, पण दुसऱ्या प्रयत्नानंतर हातात काही उरलं नसतं. आमच्या मागचं विमानही न उतरता वर गेल्याचं रेडिओवर ऐकलं. फर्स्ट ऑफिसरला विचारलं, तुझं मत काय? तो म्हणाला, अहमदाबाद. माझंही तेच होतं.

अहमदाबादला उतरलो तेव्हा रात्रीचा एक वाजत आला होता. आमची ड्युटीची वेळ संपली होती. पहाटे दुसऱ्या क्रूनं विमान मुंबईला नेलं. मी केबिनमध्ये जाऊन लोकांशी बोलले. एक आजी शांतपणे म्हणाल्या, 'मुलगा बाहेर ताटकळला असेल हो.' एक गृहस्थ फोन दाखवत म्हणाले, 'दुसरं विमान आत्ता उतरलं मुंबईत, बघा.' खरं होतं ते. आम्ही निघाल्यावर वीस मिनिटांत पावसाचा जोर ओसरला होता.

त्यांना मी फक्त क्षमा मागितली. सकाळी सात वाजता बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'सिग्नल दिसला नाही तर तो लाल धरायचा. पुढच्या गाडीला हिरवा मिळाला, तो तिचा.' रेल्वेचा नियमच आहे तो. जिथे सिग्नल असायला हवा तिथे दिवा दिसला नाही, तर तो धोक्याचाच समजायचा.

त्या रात्री एकशे ऐंशी माणसांची गैरसोय झाली, कुणी आभार मानले नाहीत, मानायला हवे होते असंही नाही. पण हॉटेलच्या खोलीत बूट काढताना मला जे वाटलं ते म्हणजे माझं समाधान. माझ्या पेशात बरोबर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा कुणाला दिसतच नाही, कारण त्यानंतर काही घडत नाही. गो-अराउंड घेतला म्हणून वैमानिकाला दोष द्यायचा नाही असं आपल्याकडचं धोरण आहे. ते कुणी लिहिलं मला माहीत नाही, पण मी त्यांची ऋणी आहे.

जाता जाता एक सांगते, पावसाळ्यात विमान जरा दणकन टेकलं तर 'पायलट नवशिका दिसतोय' म्हणू नका. ओल्या धावपट्टीवर चाकं पाण्यावर तरंगू नयेत म्हणून आम्ही मुद्दाम घट्ट टेकवतो. अलगद उतरणं मलाही आवडतं. ते कोरड्या दिवसांसाठी.

माझे मिस्टर दोन वर्षांपासून को-पायलट आहेत. घरी आले की झोपतात, नाही तर गप्प बसतात. विचारलं तर 'काही नाही' म्हणतात. ते या नोकरीत सुखी आहेत का, हेच मला कळत नाही.
– डोंबिवली

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी झोपेबद्दल. त्यांच्या महिन्यात काही दिवस पहाटे तीनला उठायचं, काही दिवस पहाटे तीनला झोपायचं असं असतं. शरीर कुठलीच वेळ आपली मानत नाही. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न खरा आहे. म्हणून तर जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नवे नियम आणले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली, रात्रीच्या ड्युटीत किती वेळा उतरायचं त्यावर बंधन वाढवलं. आम्ही वैमानिकांनी त्यासाठी बरीच वर्षं धरून मागणी केली होती. आरामाच्या दिवशी ते सकाळी अकरापर्यंत झोपले तर त्याला आळस म्हणू नका, ती त्यांच्या कामाचीच बाजू आहे.

आमच्या घरी एक कायदा होता. बाबा ड्युटीवरून आले की पहिला तास कुणी काही विचारायचं नाही. शाळेचं प्रगतिपुस्तक नाही, गॅस संपल्याचं नाही. ते अंघोळ करायचे, चहा घ्यायचे, ओट्याला टेकून बसायचे. मग आपणहून बोलायला लागायचे. पुण्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या जागी, कुणी काय रांधलं इथपासून. तो एक तास आईनं त्यांना आयुष्यभर दिला. माझ्या नवऱ्यानं मला दिला, म्हणून मी आज टिकून आहे.

आता गप्प राहण्याबद्दल. एक गोष्ट आमच्यातले फार कमी लोक घरी सांगतात. आमची नोकरी वैद्यकीय प्रमाणपत्रावर उभी असते. दरवर्षी तपासणी. साखर वाढली, कानात काही निघालं, ईसीजीत एक रेघ वेगळी आली, की उडणं थांबतं, आणि पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. त्यामुळे डोकेदुखीसुद्धा माणूस मनातच ठेवतो. 'मला बरं वाटत नाहीये' हे वाक्य म्हणायला आम्हाला भीती वाटते. मन उदास असेल तर त्याहून जास्त. हे चुकीचं आहे आणि हळूहळू बदलतंय. वैमानिकांनीच वैमानिकांचं ऐकून घ्यायचं, नाव बाहेर न जाऊ देता, अशी सहकारी मदतीची व्यवस्था आता उभी राहते आहे. ते आठवडेच्या आठवडे गप्प असतील, सुटीतही झोप लागत नसेल, आवडीच्या गोष्टी सोडल्या असतील, तर त्यांना तिकडे किंवा डॉक्टरांकडे जायला सांगा, आणि तुम्ही सोबत जा.

पण बहुतेक वेळा तसं काही नसतं. एक करून बघा. 'दिवस कसा गेला' असं विचारू नका, 'आज लँडिंग कुणाचं होतं?' असं विचारा. प्रत्येक उड्डाणात कॅप्टन किंवा को-पायलट, दोघांपैकी एकच जण विमान उतरवतो, आणि दोन वर्षांच्या को-पायलटला आपलं प्रत्येक लँडिंग पाठ असतं. वारा कुठून होता, कितव्या फुटावर नाक उचललं, विमान वीस फुटांवर 'रिटार्ड, रिटार्ड', म्हणजे इंजिनाचा जोर कमी कर, म्हणतं तेव्हा हात कुठे होता. ते बोलायला लागले आणि बोलताना हातानं दाखवायला लागले, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं असं समजा.

राहता राहिलं, जे परत मिळत नाही ते. पंधरा वर्षांत लक्ष्मीपूजनाला मी तीनदा घरी होते. मुलीच्या पहिल्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ मी बागडोगऱ्याला उभ्या विमानात, प्रवासी चढत असताना पाहिला. त्याचं मला अजून वाईट वाटतं आणि वाटत राहील. तुमच्याही वाट्याला हे येईल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

मी बारावी सायन्सला आहे. चष्मा आहे. घरची परिस्थिती साधारण आहे. मुलगी म्हणून अडचण येईल का? खरं सांगा.
– अमरावती

खरंच सांगते. चष्मा चालतो, चष्म्यासह नजर ठरलेल्या मर्यादेत यायला हवी आणि रंग नीट ओळखता यायला हवेत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उडावं लागतं, शिवाय दिशाज्ञान, हवामान, नियम, तांत्रिक ज्ञान अशा लेखी परीक्षा असतात. आपल्याच राज्यात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथे शिकवतात.

सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी करून घे, फी त्यानंतर भर. हा क्रम उलटा झाल्यानं रडलेली मुलं मी पाहिली आहेत.

पैशाचं खरं सांगायचं तर पन्नास लाखांच्या पुढे जातं, आणि विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण बऱ्याचदा वेगळं विकत घ्यावं लागतं. बाबांनी माझ्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, मिरजेचं घर तारण ठेवलं. २००९ ला परवाना हातात आला आणि त्यानंतर एकोणीस महिने मला नोकरी नव्हती. त्या काळात मी शिकवण्या घेतल्या, रोज संध्याकाळी विमानाची पुस्तकं वाचली, आणि बाबांच्या नजरेला नजर देणं टाळलं. घरच्यांना आत्ताच बसवून हे सगळं सांग, वाट बघावी लागेल तो काळही धरून. कर्जाचा हप्ता नोकरीची वाट बघत थांबत नाही.

मुलगी म्हणून? भारतात वैमानिकांमध्ये स्त्रिया साधारण १५ टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे. ही वाट आधीच्यांनी केली. दुर्बा बॅनर्जी १९६६ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या. १९८५ साली कलकत्ता ते सिलचर फोकर फ्रेंडशिप विमान गेलं, त्यात सगळा क्रू स्त्रियांचा होता आणि कमांडर होत्या सौदामिनी देशमुख. माझा जन्म त्यानंतरचा. विमानाला आपण बाई की पुरुष हे कळत नाही. माणसांना कळतं, आणि कधीतरी कुणी 'कॅप्टन कुठे आहेत?' असं तुलाच विचारेल. 'मीच' म्हणायचं आणि कामाला लागायचं.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर तुम्हाला विमानात बसताना भीती वाटली का?
– पुणे

दुपारी दीड-पावणेदोनच्या सुमारास ते लंडनला निघालेलं विमान कोसळलं. विमानातली आणि खाली वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहातली मिळून २६० माणसं गेली. मी घरी होते, भाजी निवडत होते. फोन वाजायला लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे माझं उड्डाण होतं. आईनं फोन केला आणि 'जाऊ नकोस' असं म्हणाली नाही, 'डबा घेतलास का?' असं विचारलं.

भीती म्हणावी असं नव्हतं. जड होतं. विमानात चढणारा प्रत्येक माणूस त्या दिवशी डावीकडे वळून कॉकपिटमध्ये बघत होता, आमचे चेहरे बघत होता. एरवी मी त्या वेळी कागदांत असते. त्या दिवशी दारात उभी राहिले आणि जमेल तेवढ्यांना नमस्कार केला. मग खुर्चीत बसून चेकलिस्ट नेहमीपेक्षा सावकाश वाचली. आम्ही दोघांनीही तसं ठरवलं नव्हतं.

कारणांबद्दल लोक मला विचारतात. मी अंदाज करत नाही. गेलेले वैमानिक आणि केबिन क्रू माझ्याच पेशातले होते, ते आता उत्तर देऊ शकत नाहीत, आणि त्यांची घरं इथेच आहेत. आम्ही आज जे नियम पाळतो त्यातले कितीतरी जुन्या अपघातांच्या चौकशीतून आलेले आहेत. घाईनं बोलण्यानं त्या कामाला मदत होत नाही.

विमान आमच्या गावावरून जातं तेव्हा आम्ही हात करतो. तुम्हाला आमचं गाव दिसतं का?
– इयत्ता चौथी, इंदापूर तालुका

बाळा, गाव वेगळं ओळखू येत नाही, पण तुमचं उजनीचं पाणी दिसतं. हैदराबादहून मुंबईला येताना ते माझ्या डाव्या खिडकीतून दिसतं, फांद्या फुटलेल्या झाडासारखं. सकाळी त्याच्यावर ऊन पडलं की एक-एक फांदी चमकत जाते. आजूबाजूला उसाचे हिरवे चौकोन. हिवाळ्यात रात्री तुमच्याकडच्या साखर कारखान्यांचे दिवे इतके लांबून दिसतात की मी शेजारच्याला सांगते, हे बघ, गाळप चालू आहे.

आम्ही साधारण अकरा किलोमीटर वर असतो, म्हणून हात दिसत नाही. पण तुम्ही हात करता हे मला आजवर माहीतच नव्हतं. पुढच्या मंगळवारी सकाळी माझं हैदराबाद-मुंबई आहे, साधारण पावणेआठला उजनीवर येईन. मीही हात करेन.